दहा हजार आणि शतपावली

पुण्यातल्या ४७ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. हिंजवडीत आयटीतली २३ वर्षांची नोकरी. शेवटची सहा वर्षं अमेरिकेतल्या क्लायंटचं काम, म्हणून रात्री एक-दीडपर्यंत कॉल. रक्तदाब वाढला, झोप उडाली, आणि एका मीटिंगमध्ये रोज तोंडात असलेला साधा शब्द आठवेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. त्याला आता आठ महिने झाले. पहिले दोन महिने त्यांनी नुसते झोपून काढले. मग शेजारची मैत्रीण वेताळ टेकडीवर घेऊन गेली आणि तिथून गाडी सुरू झाली. हातात घड्याळ आलं. दहा हजार पावलं, मग पंधरा, मग वीस. रविवारी आतकरवाडीहून सिंहगड, दर वेळी आधीपेक्षा कमी वेळात. जिम. डिसेंबरच्या हाफ मॅरेथॉनला नावही नोंदवलं. वजन सात किलोंनी उतरलं, रक्तदाब बराच आटोक्यात आला. पण गेले सहा आठवडे सकाळी डावी टाच जमिनीला टेकवत नाही. डॉक्टरांनी धावणं आणि चढण बंद करायला सांगितलं आहे. त्या थांबलेल्या नाहीत. ‘न गेलेला दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो,’ असं लिहितात.

नवरा म्हणतो, आराम मिळावा म्हणून नोकरी सोडलीस ना? सासूबाई म्हणतात, घरी असून घरात नसते. अकरावीतली मुलगी म्हणाली, ‘आधी तू ऑफिसात असायचीस, आता टेकडीवर असतेस.’ ताईंना आता २०० तासांचा योगशिक्षक कोर्स करून पीएफच्या पैशांतून स्वतःचा स्टुडिओ काढायचा आहे. त्या विचारतात : हे घरच्यांना कसं पटवून देऊ?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वाचनात एक गोष्ट नजरेत भरली. टेकडीवरचा पहिला दिवस तुम्ही चार ओळींत लिहिला आहे. खाणीपाशी पोचलात, मोर ओरडला, तुम्ही दगडावर बसलात आणि रडू आलं. घरी आलात तेव्हा कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली होती. त्या दिवशी किती पावलं झाली, ते पत्रात नाही. पुढच्या प्रत्येक आठवड्याचा आकडा आहे, मोर मात्र पुन्हा कुठेच नाही.

या मोराकडे मी परत येणार आहे. पण आधी टाच.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला कळ, चार पावलं चाललं की जरा सैल, आणि संध्याकाळी पुन्हा ठणका, हे तुम्ही केलेलं वर्णन तळपायाच्या जाड पट्टीच्या दुखण्याचं वाटतं. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं, पण त्यांनी जे सांगितलं त्यामागचं कारण नीट कळलं तर पाळणं सोपं जाईल, म्हणून लिहिते. २३ वर्षं खुर्चीत बसलेलं शरीर हलायला लागलं की दमसास फार लवकर वाढतो. हृदय, फुप्फुसं, स्नायू काही आठवड्यांत साथ देऊ लागतात. कंडरा आणि तळपायाची पट्टी यांचं तसं नाही. त्या सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. मधल्या काळात माणसाला वाटतं, मला जमतंय, कारण धाप लागत नाही. त्याच काळात माणूस पंधराचे वीस हजार करतो. तुमचं चुकलं ते इथेच, आणि ही चूक इच्छाशक्ती दांडगी असलेल्या माणसांकडूनच होते.

तेव्हा डॉक्टरांचं ऐका. धावणं, चढण आणि सिंहगड बंद म्हणजे बंद. हाफ मॅरेथॉनचं नाव या वर्षी मागे घ्या. भरलेले पैसे बहुधा परत मिळणार नाहीत, जाऊ द्यात. याचा अर्थ अंथरुणाला खिळून राहा असा नाही. फिजिओथेरपिस्टला दाखवून पोटऱ्यांचे आणि तळपायाचे व्यायाम शिकून घ्या. पोहता येत असेल तर पोहा. बसून, आडवं होऊन करायचे वजनांचे व्यायाम त्यांना विचारून चालू ठेवा. तुमच्या वयात ते चालण्याइतकेच मोलाचे आहेत, कारण पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांत इस्ट्रोजेन कमी होतं तशी हाडांची झीज वेग घेते, आणि हाडांना भार मिळाला की ती धरून राहतात. रक्तदाबाची गोळी मात्र मनानं कमी करू नका. आकडे सुधारलेत, हे डॉक्टरांना दाखवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

आता तुमचा प्रश्न. घरच्यांना कसं पटवू, असं तुम्ही विचारलंत. या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, की जे चाललंय ते बरोबर आहे आणि फक्त घरच्यांना कळत नाहीये. मला ती गोष्ट जरा तपासून पाहावीशी वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटचं वर्णन केलं. त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं साचत गेला आणि नीट हाताळला गेला नाही की जी अवस्था येते, ती ही. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : पार गळून जाणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. पहिलीवर तुम्ही दोन महिने झोपून उपाय केलात, आणि तो शहाणपणाचा होता. दुसरी राजीनाम्याबरोबर सुटली असावी. तिसरी अजून तुमच्यात आहे, असं मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. शब्द आठवेना त्या मीटिंगनंतर ‘मी आता काही कामाची उरले नाही’ हे जे मनात बसलं, त्यावर घड्याळ रोज रात्री औषध देतं. आज वीस हजार झाली, म्हणजे आज मी काहीतरी केलं. वर्षानुवर्षं तुमच्या कामाची पावती अप्रेझलमध्ये मिळायची. ती बंद झाली आणि तिची जागा मनगटावरच्या पट्ट्यानं घेतली. ‘न गेलेला दिवस फुकट गेला’ हे वाक्य टेकडीवर जाणाऱ्या माणसाचं वाटत नाही. ते वाक्य ऑफिसचं आहे.

दहा हजारांचं मूळ तुम्हाला ठाऊक आहे का? १९६५ मध्ये, टोकियो ऑलिंपिकनंतरच्या वर्षी, जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. गोल, लक्षात राहणारा आकडा होता. कुठल्या वैद्यकीय संशोधनातून तो निघाला नव्हता, यंत्राच्या नावातून तो जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना पावलं सांगतच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, एवढंच ती सांगते. तुमच्या पत्रातले तास मी मांडून पाहिले. आठवड्याला सतरा-अठरा भरतात. ही जवळजवळ अर्धी नोकरी झाली.

या टोकाची मला ओळख आहे, म्हणून थोडं स्वतःविषयी सांगते. ५२ व्या वर्षी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रोज १०८ सूर्यनमस्कारांचा नेम धरला. कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या महिन्यात उजवा खांदा धरला, वेणी घालता येईना. तीन महिने सक्तीची विश्रांती मिळाली. त्या सकाळी रिकाम्या होत्या, म्हणून मी आईच्या खोलीत चहा घेऊन बसायला लागले. तोवर मी तिच्या दारावरून ‘आलेच’ म्हणत पुढे जायची. ती पुढे दीड वर्षानं गेली. खांदा दुखला नसता तर त्या सकाळी मला मिळाल्याच नसत्या, हे मला आजही आठवतं आणि पोटात कालवतं.

म्हणून तुमच्या मुलीचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. तुम्ही ते तक्रारींच्या यादीत टाकलंय. मला ते बोलावणं वाटतं. सोळा वर्षांची मुलगी ‘तू नसतेस’ असं म्हणते, म्हणजे तू हवी आहेस हे ती अजून सांगते आहे. आणखी दोन वर्षांनी ती कदाचित सांगणार नाही.

चालण्यासाठी आपल्याकडे आकडा असलेला एक जुना शब्द आहे, शतपावली. जेवण झालं की शंभर पावलं. कुणी ती मोजत नाही, बोलता बोलता होतात. टाच बरी होईतो तुमची चाल एवढीच असू दे, तीही डॉक्टरांना विचारून, मऊ तळाची चप्पल घालून, सोसायटीच्या सपाट आवारात. मुलीला सोबत घ्या. अभ्यासाचं विचारू नका. पहिले चार दिवस ती मोबाइल बघत चालेल, चालू द्या. सासूबाई जिन्यानं किंवा लिफ्टनं खाली येऊ शकत असतील तर त्यांनाही हाक मारा. वृद्धांसाठी तोल सांभाळणं आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येणं या फार मोठ्या गोष्टी असतात. त्या तुम्ही त्यांना रोज दहा मिनिटं शिकवू शकाल. ‘घरी असून घरात नसते’ याला यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचत नाही.

पण एक बजावते, आणि हे तुमच्या घरच्यांनीही वाचावं असं मला वाटतं. बाईनं नोकरी सोडली की ‘आता काय, तू घरीच आहेस ना’ असं म्हणून तिचा दिवस चारी बाजूंनी वाटून घेतला जातो. गॅसवाला, बँकेची कामं, नातेवाइकांचं आजारपण, सगळं तिच्याकडे. तुम्ही पहाटे टेकडीवर पळून जाता त्यात याचाही भाग असेल. म्हणून सकाळचा एक तास तुमचा, यावर तडजोड नको. तो पटवून द्यायचा नाही, सांगायचा. एक तास ठामपणे मागितला की घर तो देतं. अडीच तास आणि अख्खा रविवार चोरून घेतला की कुरबुर होते, आणि त्या कुरबुरीत तुमचा हक्काचा तासही जातो.

नवऱ्याच्या बोलण्यात मला टोमण्यापेक्षा काळजी जास्त ऐकू आली. घरात आता एकच पगार येतो आणि पीएफमधून स्टुडिओ काढायचा विचार त्यांच्या कानावर आहे. महिन्याचा खर्च, गृहकर्ज, मुलीची पुढची फी, हे सगळं एका कागदावर मांडून तुम्ही दोघं बसलात असं पत्रात कुठे दिसत नाही. आधी ते करा. आणि आजच एक गोष्ट तपासा : कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो. दुसरा घेतला आहे का? नसेल तर स्टुडिओच्या आधी तो. रक्तदाबासारखा आधीपासूनचा त्रास असेल तर नव्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते, म्हणून जेवढा उशीर तेवढं नुकसान. जे वाचक अजून नोकरीत आहेत आणि सोडायच्या विचारात आहेत, त्यांनी राजीनामा देण्याआधीच विमा कंपनीला विचारावं, सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का. अशी सोय असते.

आता कोर्स. योग शिकू नका असं मी म्हणत नाही, उलट भरपूर शिका. शिकवण्याची घाई करू नका. २०० तासांचा कोर्स महिन्याभरातही उरकता येतो. तुम्ही पुण्यात राहता. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून तुमच्याच गावात आहे. दोर, खुर्च्या, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन ज्याचं शरीर जसं आहे तसं आसनात कसं न्यायचं, हे अय्यंगारांनी जगाला दाखवलं. त्या परंपरेत शिकवायला उभं राहण्याआधी माणूस काही वर्षं नुसता विद्यार्थी असतो. तुम्ही एक वर्ष तसं राहून बघा. कुठल्याही चांगल्या वर्गात, शेवटच्या रांगेत, जिथे तुमच्या हाताखाली कुणी नाही आणि तुम्हाला काही सिद्ध करायचं नाही. वर्षानंतरही शिकवावंसं वाटलं तर आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, त्यांची माहिती काढा. सुरुवात सोसायटीच्या हॉलमध्ये चार आज्यांपासून करा. त्यात कळेल की शिकवणं आवडतं, की स्टुडिओची मालकीण होणं आवडतंय. पीएफ तोवर जागेवर राहू दे.

वारीत चालणारी माणसं पुण्यातून जाताना तुम्ही दर वर्षी पाहत असाल. आळंदीहून पंढरपूर जवळपास अडीचशे किलोमीटर, वयाची सत्तरी ओलांडलेली माणसं चालतात. पालखीच्या वेळापत्रकात न्याहारी असते, दुपारचा विसावा असतो, रात्रीचा मुक्काम असतो, आणि हे सगळं आधीच छापलेलं असतं. विसावा हा वाटचालीचाच भाग म्हणून लिहिलेला असतो. पुण्यात तर दोन दोन दिवस मुक्काम. टाळाच्या ठेक्यावर दिंडी रांगेनं पुढे सरकते आणि म्हातारी माणसं त्या चालीत सहज सामावतात. तुमच्या आठवड्याच्या वेळापत्रकात मी विसावा शोधला, कुठेच सापडला नाही. निदान एक पूर्ण दिवस तसा लिहून टाका.

जाता जाता लिहिलेली एक ओळ मी सोडून देऊ शकत नाही. ‘कधी कधी पार्किंगमध्ये गाडीत वीस-वीस मिनिटं बसून राहते, वर जावंसं वाटत नाही.’ टाचेमुळे चालणं थांबेल तेव्हा हे वाढू शकतं, कारण ज्यावर तुम्ही आजवर मन रेटत होता तेच हातातून जाईल. चिडचिड, रडू, पुन्हा झोप उडणं असं काही दोन आठवड्यांहून जास्त राहिलं तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. लगेच कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. पायाच्या डॉक्टरकडे जाताना तुम्हाला संकोच वाटला नाही, इथेही वाटू देऊ नका.

तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात. कुणी ठाण्याहून रोज दोन तास लोकलनं जाणारे, कुणी नाशिकहून, एक तर सिंगापूरहून. नोकरी सुटल्यावर शरीराकडे वळावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, कारण इतकी वर्षं ते मागे पडलेलं असतं. त्यांना एवढंच सांगेन : पहिले तीन महिने काहीही मोजू नका. चालताना शेजारच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच वेग ठेवा. वेळ वाढवायचा तर थोडा थोडा. आणि लहानपणी अंग आनंदानं हलायचं ते काय करताना, ते आठवा. कुणी लेझीम खेळलेलं असतं, कुणी मल्लखांबावर चढलेलं, कुणी गावच्या विहिरीत उड्या मारलेल्या. पंचेचाळिशीत मल्लखांबावर चढायचं नाही, पण तो आनंद कुठे होता ते कळलं की जिमच्या पावतीपेक्षा बरा रस्ता सापडतो. ज्यांना नोकरी सोडणं परवडत नाही, आणि असे बहुसंख्य आहेत, त्यांनी राजीनाम्याची वाट पाहू नये. रात्रीची शतपावली आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटांचे ताकदीचे व्यायाम एवढ्यानं सुरुवात होते.

ताई, टाच बरी झाली आणि डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली की वेताळ टेकडीवर जरूर जा. घड्याळ त्या दिवशी कपाटात ठेवा. खाणीपाशी त्याच दगडावर बसा, हवं तेवढा वेळ. मुलगी येते म्हणाली तर तिला न्या, आणि मध्येच ती दमली, बसू या म्हणाली, तर तिथेच बसा. खाण राहिली तर राहिली. मोर ओरडला का, ते मला कळवा.

तुमची,
सदरलेखिका